पडद्यावरचा दुसरा आकडा: व्हेंटिलेटरवरच्या मुलाचा कार्बन डायऑक्साइड पालकांनी कसा समजून घ्यावा

मूल व्हेंटिलेटरवर असते तेव्हा आईवडिलांची नजर पडद्यावरच्या एकाच आकड्यावर खिळते: ऑक्सिजन किती? ९८ दिसले की जरा हायसे वाटते. तेवढ्यात राउंडवर आलेले डॉक्टर म्हणतात, ‘कार्बन डायऑक्साइड वाढलाय, सेटिंग बदलतो, तासाभराने पुन्हा एबीजी पाठवू.’ गोंधळ इथून सुरू होतो. ऑक्सिजन उत्तम आहे, तर बिघडले काय? श्वासनळीला जोडलेले यंत्र कार्बन डायऑक्साइड ४२ दाखवते आणि रक्ताचा रिपोर्ट ५४ सांगतो, मग खरे कोणाचे मानायचे? आणि यंत्र सुई न टोचता मोजत असेल, तर लेकराचे रक्त पुन्हा पुन्हा कशाला काढायचे? पालक हे तीन प्रश्न वारंवार विचारतात. घाईच्या विभागात त्यांना मिळणारी उत्तरे बहुधा अर्ध्या वाक्याची असतात, म्हणून हा लेख.

माझे म्हणणे आधीच सांगतो. सुई न टोचता मिळणारा आकडा ही रक्ततपासणीची स्वस्त नक्कल आहे असे समजले, तर तो सतत चुकताना दिसेल आणि तुम्ही हैराण व्हाल. त्याचे काम वेगळे आहे. दोन रक्ततपासण्यांच्या मधल्या तासांत तो पहारा देतो, आणि रक्ताच्या आकड्यापासून तो किती दूर आहे, यावरून फुप्फुस आणि रक्ताभिसरण यांची खबर मिळते. हे ध्यानात आले की डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही बदलतात.

ऑक्सिजन चांगला असतानाही काळजी का?

ऑक्सिजन आत जाणे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून ५० किंवा ६० टक्क्यांवर नेले, तर हवा कमी खेळत असली तरी रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळू शकतो. कार्बन डायऑक्साइडला अशी पळवाट नाही. तो बाहेर पडायचा तर हवा आतबाहेर व्हावीच लागते. म्हणून नळी अर्धवट तुंबली, फुप्फुस कडक झाले किंवा श्वास उथळ पडले, तर बोटावरचा ऑक्सिमीटर बराच वेळ ९७-९८ दाखवत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. ऑक्सिजन खाली येतो तोवर मोलाचा वेळ निघून गेलेला असतो.

धमनीच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो. तो फार वाढला तर रक्त आम्लधर्मी होते, मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कवटीतला दाब चढतो. कार्बन डायऑक्साइड फार उतरला तर त्याच वाहिन्या आक्रसतात आणि मेंदूला रक्त कमी पडते. डोक्याला गंभीर मार लागलेल्या मुलांसाठी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की पहिल्या ४८ तासांत केवळ खबरदारी म्हणून कार्बन डायऑक्साइडचा दाब ३० च्या खाली नेऊ नये. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांतही कमी दाबाचा संबंध मेंदूच्या इजेशी आढळला आहे. याच्या उलट, फुप्फुसे खूप खराब असलेल्या मुलात डॉक्टर जाणूनबुजून हा आकडा चढू देतात. तो बळेच ४० वर आणायला जोराने हवा भरावी लागते आणि त्याने फुप्फुसाला जखम होते. मुलांच्या तीव्र फुप्फुसविकारावर २०२३ साली जे आंतरराष्ट्रीय एकमत प्रसिद्ध झाले, त्यानुसार अशा वेळी रक्ताचा पीएच (आम्लतेचे माप; जितका कमी तितके रक्त आम्लधर्मी) ७.२० पर्यंत उतरलेला चालवून घेता येतो. थोडक्यात, एका मुलासाठी ५५ ही धोक्याची घंटा असते आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलासाठी तेच ठरवलेले धोरण असते. तेव्हा ‘किती आहे?’ असे विचारण्याआधी ‘माझ्या मुलासाठी तुम्ही किती ठेवू पाहताय?’ असे विचारा. शेजारच्या मुलाशी तुलना तर करूच नका.

मोजण्याच्या वाटा

- एबीजी. धमनीतून थोडे रक्त घेऊन केलेली तपासणी. कार्बन डायऑक्साइडचा मापदंड हाच. सोबत पीएच, ऑक्सिजन आणि बहुतेक यंत्रांवर लॅक्टेटही (शरीराला ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक) कळते. लहान बाळात टाचेतून किंवा शिरेतून घेतलेल्या रक्तावरही अंदाज बांधतात.
- एंड-टायडल, म्हणजे कॅप्नोग्राफ. श्वासनळीतल्या नळीला जोडलेले हे यंत्र इन्फ्रारेड किरणांनी, उच्छ्वासाच्या शेवटी बाहेर आलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजते. दर श्वासाला आकडा आणि लाट, दोन्ही दिसतात. विभागात याला ‘ईटीसीओटू’ म्हणतात. एका प्रकारात सेन्सर नळीच्या तोंडाशीच बसतो. दुसऱ्यात बारीक नळीतून थोडी हवा यंत्राकडे ओढली जाते. पहिल्याचे वजन छोट्या नळीवर पडते, दुसऱ्याची बारीक नळी पाण्याने किंवा कफाने तुंबते.
- त्वचेवरचा सेन्सर. छाती, पोट, मांडी किंवा कानाच्या पाळीवर चिकटवलेली गोल चकती त्वचेला ४०-४३ अंशांपर्यंत ऊब देते, आणि त्वचेतून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड मोजते. लावल्यावर स्थिर व्हायला काही मिनिटे लागतात. बदल श्वासागणिक कळत नाही, थोड्या उशिराने कळतो.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

खरी गुंतागुंत इथे आहे. फुप्फुस म्हणजे कोट्यवधी लहान खोल्यांची चाळ समजा. प्रत्येक खोलीत हवा येते आणि भिंतीपलीकडून रक्त वाहते. निरोगी मुलात जवळजवळ सगळ्या खोल्यांत ही देवाणघेवाण होते, म्हणून उच्छ्वासातला आकडा रक्तापेक्षा जेमतेम २ ते ५ ने कमी असतो. न्यूमोनिया किंवा सेप्सिस झाला, किंवा हृदय दुबळे झाले, की काही खोल्यांत हवा पोहोचते पण रक्त पोहोचत नाही. तिथली हवा जशी गेली तशीच, कार्बन डायऑक्साइड न घेता परत येते आणि बाकीच्या हवेत मिसळून आकडा पातळ करते. वैद्यकात या वाया गेलेल्या जागेला डेड स्पेस म्हणतात. रक्तात ५४ आणि उच्छ्वासात ४२, हा फरक याच डेड स्पेसमुळे असू शकतो, आणि तेव्हा दोन्ही आकडे खरे असतात.

हे अंतर एका साध्या भागाकारात मांडता येते. ५४ मधून ४२ वजा केले की १२ उरतात, १२ ला ५४ ने भागले की ०.२२ येते. म्हणजे श्वासातून फुप्फुसाच्या खोल्यांपर्यंत पोहोचलेल्या हवेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक वाया जातो आहे. तीव्र फुप्फुसविकाराच्या मुलांच्या अभ्यासांत हा हिस्सा जितका मोठा तितका मृत्यूचा धोका अधिक, असे आढळले आहे. याचा व्यवहारातला उपयोग असा: काल रक्तात ५४ आणि यंत्रावर ४२ होते, आज रक्तात ५३ आणि यंत्रावर ४७ आहे. केवळ एबीजी पाहणारा म्हणेल, फारसा फरक नाही. प्रत्यक्षात अंतर १२ वरून ६ वर आले, आणि ही बहुधा चांगली बातमी आहे. ‘बहुधा’ म्हणतो, कारण अंतर यंत्राच्या अडचणीमुळेही बदलते. फुगा नसलेल्या नळीभोवतीने हवा गळत असेल, बारीक नळीत पाणी साचले असेल, किंवा छोटे बाळ इतके भरभर श्वास घेत असेल की उच्छ्वास पुरा होण्याआधीच पुढचा श्वास येतो, तर आकडा खोटाच कमी दिसतो. जन्मजात हृदयदोषामुळे निळसर पडणाऱ्या मुलांत अंतर मुळातच मोठे असते. म्हणून अंतर अचानक वाढले तर आधी नळी आणि जोडण्या तपासायच्या, मग फुप्फुस आणि हृदयाचा विचार करायचा.

त्वचेच्या सेन्सरचे गणित उलट दिशेचे. तो सहसा रक्ताच्या जवळपास किंवा जरा वर राहतो. मात्र शॉक, अंगावरची सूज आणि रक्तवाहिन्या आवळणारी औषधे यांमुळे त्वचेचे रक्ताभिसरण मंदावते आणि तो भरवशाचा राहत नाही. चकतीखाली हवेचा बुडबुडा राहिला, किंवा यंत्र वेळेवर कॅलिब्रेट केले नाही, तरी तेच. मूल जितके अत्यवस्थ, तितका त्वचेवरचा आकडा जपून वापरायचा.

चुकतो तर हवाच कशाला?

हा आक्षेप रास्त आहे, आणि काही डॉक्टरही तो घेतात. उत्तर असे, की सगळ्यांत मोठा धोका पकडायला अचूक आकडा लागत नाही. ब्रिटनमध्ये भूल आणि श्वासमार्गाशी संबंधित दुर्घटनांची देशव्यापी पाहणी झाली होती. २०११ च्या त्या अहवालात अतिदक्षता विभागांतल्या श्वासमार्गाच्या दुर्घटनांमुळे झालेल्या मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंत कॅप्नोग्राफ न वापरणे हे एक कारण ठरले. नळी श्वासनलिकेतून निसटली किंवा चुकून अन्ननलिकेत गेली, तर लाट काही श्वासांतच सपाट होते. ऑक्सिमीटरला ते कळायला मिनिटे लागतात. नवजात बाळाच्या बाबतीत नळी एखाद-दुसरा सेंटीमीटर सरकली तरी निसटू शकते. मान वळवली, कूस बदलली, एक्सरेची प्लेट पाठीखाली सरकवली, एवढे पुरते. म्हणूनच मुलांच्या व्हेंटिलेशनवर २०१७ साली युरोपीय तज्ज्ञांनी केलेल्या एकमताच्या शिफारशींत, व्हेंटिलेटरवरच्या सर्व मुलांमध्ये एंड-टायडल मोजावे असे म्हटले आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: मग रक्त काढणे थांबवा ना. तेही करता येत नाही. पीएच, लॅक्टेट आणि वर सांगितलेले अंतर रक्ताशिवाय कळत नाही. पण कमी करता येते आणि केलेच पाहिजे. ३ किलोच्या बाळाच्या अंगात रक्त साधारण २४० मिलिलिटर. दर वेळी १ मिलिलिटर धरले आणि दिवसातून ८ वेळा काढले, तर दिवसाला ८ मिलिलिटर, म्हणजे तिसावा हिस्सा. मोठ्या माणसाच्या ५ लिटरमधून रोज दीडशे मिलिलिटरहून अधिक काढण्यासारखे हे आहे. चार दिवसांत तेरा टक्के रक्त केवळ तपासणीला जाते, आणि मग ते भरून काढायला रक्त चढवावे लागते. सुई न टोचता दिसणारा आकडा आणि रक्त यांचे अंतर दोनतीनदा स्थिर आढळले, तर मधल्या सेटिंगच्या बदलांसाठी त्या आकड्याच्या कलावर विसंबता येते. ठरलेली वेळ झाली म्हणून रक्त काढण्याऐवजी, कारण पडले म्हणून काढता येते. तुम्ही ‘रक्त काढू नका’ म्हणू नका. ‘आजच्या रक्ताने कोणता निर्णय होणार आहे?’ एवढे विचारा.

लाट पाहा, यंत्राला हात लावू नका

कॅप्नोग्राफवर दर उच्छ्वासाला लाट सरळ वर चढते, सपाट माथ्यावरून थोडे पुढे जाते आणि पुढचा श्वास घेताना खाली तळाला येते. तुम्हाला यातले सगळे कळायलाच हवे असे नाही. चार खुणा मात्र ओळखा:

- लाट एकदम नाहीशी झाली: ताबडतोब सिस्टरना हाक मारा. नळी निसटली, तुंबली किंवा जोडणी सुटली, यांपैकी काही असू शकते. ऑक्सिजन ९८ दिसतोय म्हणून थांबू नका. सक्शनच्या (नळीतला कफ ओढून काढण्याच्या) वेळी नळी यंत्रापासून क्षणभर सुटी करतात तेव्हाही लाट जाते, तेव्हा घाबरू नका.
- माथा सपाट न राहता तिरपा चढत गेला, शार्कच्या पाठीवरच्या पंखासारखा: दमा किंवा ब्राँकायोलायटिसमध्ये वायुमार्ग आवळलेले असतात. नेब्युलायझेशननंतर माथा पुन्हा सपाट होतो का, ते डॉक्टर पाहतात.
- लाटेची उंची हळूहळू उतरत गेली आणि मूल थंड, फिकट वाटू लागले: फुप्फुसांपर्यंत रक्त कमी पोहोचत असू शकते. आकडा ‘सुधारला’ असे समजू नका.
- लाट तळाला टेकेनाशी झाली: बाहेर टाकलेलीच हवा पुन्हा आत जात असू शकते. सर्किट तपासायला सांगा.

पालकांनी मॉनिटर बघूच नये, त्याने चिंता वाढते, असे काही विभागांत सांगितले जाते. चिंता वाढते हे खरे. पण पालक बघतातच, आणि समजून न घेता ९८ कडे बघण्याने ती कमी होत नाही. रात्री एका सिस्टरकडे अनेक खाटा असतात तेव्हा खाटेशेजारी जागी असलेली आई ही जादा नजर आहे. अट एकच: अलार्म बंद करणे, नळी किंवा चकती हलवणे, बारीक नळीतले पाणी झटकणे हे तुमचे काम नाही. बोलावणे तुमचे काम आहे.

कोणत्या मुलाला काय जुळते

कोणते साधन श्रेष्ठ, हा प्रश्न तसा निरर्थक आहे. मूल कोणते, यावर उत्तर ठरते. डोक्याला मार लागलेल्या मुलाला अखंड एंड-टायडल हवेच, कारण तिथे आकडा वर गेलेलाही चालत नाही आणि खाली गेलेलाही. हाय-फ्रिक्वेन्सी व्हेंटिलेटरवर श्वास इतके सूक्ष्म आणि भरभर असतात की नेहमीची लाट उमटतच नाही, तिथे त्वचेचा सेन्सर उपयोगी पडतो. मास्कवर किंवा नाकातल्या नळीवर असलेल्या मुलात हवा सगळीकडून गळते, तिथेही त्वचेचा सेन्सर बरा. शॉकमध्ये असलेल्या मुलात दोन्हींवर एकट्याने भिस्त ठेवता येत नाही, तिथे धमनीतली लाइन, म्हणजे धमनीत ठेवलेली बारीक नळी, लागते. अगदी कमी दिवसांच्या बाळाची त्वचा पातळ असते. उबेने लालसर गोल डाग उठतो, तो बहुधा विरतो, पण जागा वेळेवर बदलली नाही तर भाजू शकते. चकतीचे तापमान किती ठेवले आहे आणि दर किती तासांनी जागा बदलता, हे विचारण्यात संकोच नको.

राउंडवर विचारायचे प्रश्न

- कार्बन डायऑक्साइड आणि पीएच यांचे आजचे लक्ष्य काय?
- रक्त आणि यंत्र यांत आज किती अंतर आहे? कालपेक्षा वाढले की घटले?
- अंतर वाढले असेल तर नळीभोवतीची गळती, पाणी, कफ हे तपासले का?
- पुढची एबीजी कोणत्या निर्णयासाठी?
- रात्री लाट गेली तर सर्वांत आधी कोण येणार?

सगळे प्रश्न रोज विचारू नका. रोज पहिले दोन पुरेत. एका छोट्या वहीत तारीख, वेळ, रक्ताचा आकडा आणि त्याच क्षणीचा यंत्राचा आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवा. ‘त्याच क्षणीचा’ हे महत्त्वाचे. सकाळी नऊच्या रक्ताची साडेदहाच्या यंत्राशी तुलना केली तर अंतराला अर्थ उरत नाही.

विभागात यंत्रच नसेल तर, आणि तुमचे हक्क

सगळीकडे ही साधने नसतात. कॅप्नोग्राफ नसणे म्हणजे निष्काळजीपणा, असा निष्कर्ष घाईने काढू नका. अनेक डॉक्टर छातीची हालचाल, स्टेथोस्कोप, एक्सरे आणि एबीजी यांवर मुलांना सुखरूप बाहेर काढतात. तरीही नळी घालताना ती योग्य जागी गेली, हे ताडून पाहायला उच्छ्वासाने जांभळ्याचा पिवळा होणारा लहानसा डिटेक्टर तरी असावा, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही. खर्चाचा मुद्दा पुढे आला तर त्वचेच्या सेन्सरआधी एंड-टायडलला प्राधान्य द्यावे, असे माझे मत आहे. निसटलेली नळी तेच क्षणात ओळखते.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आजाराची आणि उपचाराची माहिती, नोंदींच्या प्रती आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असे लावायचे असते. एबीजीच्या प्रती लेखी मागा. व्हेंटिलेटरच्या नोंदींचा तक्ताही मागा, कारण त्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरला अंतराचा अर्थ लावता येणार नाही. मागणी शांतपणे आणि दिवसपाळीत करा. मध्यरात्री तीन खाटा सांभाळणाऱ्या निवासी डॉक्टरकडे ती करून कोणाचेच भले होत नाही.

मुलाला हलवताना

तालुक्याच्या रुग्णालयातून शहरात, किंवा त्याच इमारतीत सीटी स्कॅनसाठी, मुलाला हलवतात तेव्हा नळी निसटण्याचा धोका वाढतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही, आणि हादऱ्यांमुळे ऑक्सिमीटरही आकडा सोडतो. १०८ ची असो वा खासगी, गाडी निघण्याआधी एवढे बघा: गाडी प्रगत जीवरक्षक सुविधांची आहे का, सोबत कार्बन डायऑक्साइडचा मॉनिटर किंवा निदान तो डिटेक्टर आहे का, नळी ओठाशी किती सेंटीमीटरवर बांधली आहे ते कागदावर लिहिले आहे का, आणि नळी निसटली तर बॅग-मास्कने श्वास देणारी व्यक्ती मागे मुलाजवळ बसली आहे की पुढे ड्रायव्हरशेजारी.